सायनला न्या

मुंबईच्या पूर्व उपनगरांत कुठेही अपघात झाला की गर्दीतून एक वाक्य हमखास येतं : ‘सायनला न्या!’ म्हणजे सायनच्या महापालिका रुग्णालयात. मुलुंडला ट्रकखाली आलेला मोटारसायकलवाला असो, कुर्ल्याजवळ लोकलमधून पडलेला पोरगा असो, नाहीतर मानखुर्दला स्टोव्ह भडकून भाजलेली बाई असो. वाटेत महापालिकेचीच एकदोन रुग्णालयं लागतात, तरी लोक सायनचंच नाव घेतात. यात पिढ्यांचा अनुभव आहे, तसा थोडा गैरसमजही आहे. अनुभव असा की रात्री अडीच वाजताही डोक्याचं ऑपरेशन करणारी टीम तिथे जागी असते. आणि गैरसमज? प्रत्येक दुखणं थेट तिथे नेलं की पेशंट वाचतोच, हा.

मुंबईच्या उपनगरांतलं महापालिकेचं रुग्णालय एकट्याने चालत नाही. दवाखाना, प्रसूतिगृह, उपनगरातलं सर्वसाधारण रुग्णालय आणि शेवटी सायनसारखं कॉलेजचं रुग्णालय अशी ती साखळी आहे. इतकी वर्षं हे सगळं जवळून पाहणाऱ्या कुणालाही विचारा, एकेक कडी बऱ्यापैकी मजबूत असते. गफलत होते ती कड्या जोडल्या जातात तिथे. पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो, सोबत कागद, नमुना किंवा निरोप जायला हवा असतो, आणि नेमका तोच मागे राहतो.

सायनच्या रुग्णालयाचं लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालय हे पूर्ण नाव फक्त केसपेपरवर आणि कोर्टाच्या कागदांत दिसतं. ते सुरू झालं १९४७ साली, लष्कराच्या बराकींमध्ये. तेव्हा मुंबई शहर तिथेच संपत होतं. शीवचा, म्हणजे सायनचा, किल्लाही इंग्रजांनी सतराव्या शतकात आपल्या बेटाच्या टोकावर, पलीकडच्या पोर्तुगीज साष्टीवर नजर ठेवायला बांधलेला. म्हणजे हे रुग्णालय जन्माने वेशीवरचं. पण १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत, आणि वेशीवरचं रुग्णालय नकाशाच्या मध्यावर आलं. एका अंगाला धारावी, मध्य आणि हार्बर हे दोन्ही रेल्वेमार्ग हाकेच्या अंतरावर. आग्रा रोड, पूर्व द्रुतगती मार्ग आणि पनवेलकडून येणारा महामार्ग शहरात शिरतात तेही इथूनच. अपघात विभागासाठी याहून सोयीची आणि याहून कष्टाची जागा मुंबईत दुसरी नाही.

१९६४ साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. लोकांच्या ‘सायनला न्या’चं खरं कारण यंत्रांपेक्षा हे कॉलेज आहे. कॉलेज असलं की निवासी डॉक्टर असतात, म्हणजे इमारतीतच राहणारे, पाळीपाळीने रात्र काढणारे. प्रत्येक विभागाची युनिटं पडतात आणि प्रत्येक युनिटला आठवड्यातला एक इमर्जन्सीचा दिवस असतो. त्या चोवीस तासांत दारात येईल ते त्या युनिटचं. उपनगरातल्या बिगर-कॉलेज रुग्णालयात रात्री एक-दोन वैद्यकीय अधिकारी असतात आणि तज्ज्ञ घरून बोलावला जातो. तो कितीही चांगला असला तरी घर ते रुग्णालय हा वेळ जातोच. अलीकडे या रुग्णालयांत डीएनबीचे, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठी शिकणारे, विद्यार्थी आल्यापासून ही दरी थोडी बुजली आहे, पूर्ण नाही.

ही उपनगरांतली रुग्णालयं लोक देणगीदारांच्या नावाने किंवा जागेच्या नावाने ओळखतात. घाटकोपरचं राजावाडी, त्याचं कागदावरचं नाव सेठ व्ही. सी. गांधी आणि एम. ए. व्होरा रुग्णालय. मुलुंडचं अगरवाल, सांताक्रूझचं व्ही. एन. देसाई, बोरिवलीचं भगवती. विलेपार्ल्याचं कूपर २०१५ पासून स्वतःच कॉलेजचं रुग्णालय झालं. यात एक गंमत आहे, जी वेळेला महागात पडते. भाभा रुग्णालयं दोन आहेत, एक वांद्र्याला आणि एक कुर्ल्याला. ‘शताब्दी’ही दोन, गोवंडीला आणि कांदिवलीला. फोनवर ‘शताब्दीत ठेवलंय’ एवढंच ऐकून नातेवाईक रक्ताच्या पिशव्यांची व्यवस्था करत भलत्याच टोकाला पोचल्याची उदाहरणं कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे अपघात विभागातल्या, कुणालाही विचारा. रिक्षावाल्याला असो की रुग्णवाहिकेच्या चालकाला, रुग्णालयाच्या आधी उपनगराचं नाव सांगावं.

कॅज्युअल्टीच्या दारात पहिला प्रश्न पैशाचा किंवा पोलिसांचा नसतो, नसायला हवा. अपघात, मारामारी, भाजणं, विष, पडणं, संशयास्पद काहीही असलं की एमएलसी होते, म्हणजे प्रकरणाची वैद्यकीय-कायदेशीर नोंद. ती कॅज्युअल्टीचा डॉक्टर करतो आणि रुग्णालयातल्या ड्युटीवरच्या हवालदाराला कळवतो. हवालदाराचा बक्कल नंबर नोंदला जातो, आणि ज्या हद्दीत घटना घडली त्या पोलीस ठाण्याला निरोप जातो. या सगळ्यासाठी उपचार थांबत नाहीत. रुळांवर जखमी झालेला माणूस लोहमार्ग पोलीस आणि हमाल घेऊन येतात, सोबत स्टेशन मास्तरांचा मेमो असतो. तो मेमो जपून ठेवावा, कारण नुकसानभरपाईच्या दाव्यात पुढे पहिला कागद तोच मागतात. रस्त्यावरून अनोळखी जखमीला उचलून आणणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यासाठीच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच हे संरक्षण आलं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

कॅज्युअल्टीतली सगळ्यात फसवी केस म्हणजे डोक्याला मार लागलेला आणि तोंडाला दारूचा वास येणारा माणूस. बडबडतो, शिव्या देतो, मग शांत होतो. शांत झाला की सगळ्यांना हायसं वाटतं, आणि धोका तिथेच असतो. दारू उतरत जाणारा माणूस तासागणिक जागा होत जातो. कवटीत रक्त साठत चाललेला तासागणिक मंदावत जातो. म्हणून ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणारा, आकडा एकदा लिहून भागत नाही. डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं यांचे मिळून कमाल १५, किमान ३. दर अर्ध्या तासाने तो वेळेसकट लिहायचा. १५चा १३ झाला तर सीटी स्कॅन लगेच हवा, ८ किंवा खाली गेला तर आधी श्वासनळीत नळी घालायची आणि मग हलवायचं. ‘पिऊन आलाय, झोपू द्या’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तरी नातेवाइकाने दर अर्ध्या तासाने डॉक्टरला पुन्हा बघायला सांगण्यात काहीही उर्मटपणा नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ ज्याला नातेवाईक सगळ्यात जास्त घाबरतात : रेफर.

उपनगरातल्या रुग्णालयात न्यूरोसर्जन नसेल, व्हेंटिलेटर रिकामा नसेल, नवजात अर्भकाचा विभाग भरलेला असेल, तर पेशंट पुढे पाठवावा लागतो. यात गैर काही नाही, व्यवस्थाच तशी आखलेली आहे. पण पाठवण्याची एक रीत आहे. आधी पेशंट स्थिर करायचा : श्वासमार्ग मोकळा, मानेला कॉलर, दोन्ही हातांना जाड कॅन्युला, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवायची नळी (हिरवी १८ नंबरची, शक्य असेल तर करडी १६ची), बाहेरचा रक्तस्राव दाबून थांबवलेला. मोठा रक्तस्राव असेल आणि अपघाताला तीन तास झाले नसतील तर रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून. मग पुढच्या रुग्णालयात फोन, आणि फोनवर बोललेल्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर. मग १०८ची रुग्णवाहिका. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. पेशंट गंभीर असेल तर सोबत डॉक्टर.

चिठ्ठीत काय हवं? दाखल झाल्याची वेळ, निघण्याची वेळ, दोन्ही वेळचं बीपी, नाडी आणि कोमा स्केल, दिलेलं प्रत्येक औषध मात्रेसह आणि वेळेसह, केलेल्या तपासण्या, पाठवण्याचं कारण आणि एमएलसी असेल तर तिचा नंबर. प्रत्यक्षात बरेचदा एवढंच लिहिलेलं असतं : ‘पुढील व्यवस्थापनासाठी पाठवीत आहोत.’ त्याने काय बिघडतं याची दोन उदाहरणं पुरेत.

गरोदर बाईला बीपी वाढून झटके आले तर तिला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पाठवायचं असतं, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. हे काम प्रसूतिगृहातली परिचारिकाही करू शकते. पण डोस आणि वेळ चिठ्ठीत नसेल तर पुढच्या लेबर रूममधल्या डॉक्टरपुढे दोनच पर्याय उरतात. दिलं नसेल असं धरून पुन्हा द्यावं, तर आधीचा डोस मिळून बाईचा श्वास मंदावू शकतो. दिलं असेल असं धरून थांबावं, तर पुन्हा झटके. शहाणा डॉक्टर गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाचा वेग आणि लघवीचं प्रमाण बघून निर्णय घेतो, पण एका ओळीने वाचली असती ती दहा मिनिटं जातात. दुसरं उदाहरण अकाली प्रसूतीचं. २४ ते ३४ आठवड्यांमध्ये कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, एकूण चार डोस देतात. पहिला डोस पाठवण्याआधीच द्यायचा. हे न लिहिता बाई पुढे गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि बाळ कुणाच्या मोजणीसाठी थांबत नाही. शक्यतो आई पोटात बाळ असतानाच हलवावी. जन्मल्यावर दीड किलोचं बाळ रिक्षातून आणणं म्हणजे थंडी आणि साखर कमी होणं या दोन्ही संकटांना आमंत्रण आहे. आणावंच लागलं तर आईच्या छातीशी उघड्या अंगाने, टोपी-मोजे घालून, वरून शाल गुंडाळून आणावं. बाळाचं तापमान ३६.५च्या खाली जाता कामा नये.

एक्स-रे मागे राहणं, जुना केसपेपर मागे राहणं, नातेवाईक एका गाडीत आणि कागद दुसऱ्या गाडीत, हे रोजचं. एमएलसी नंबर चिठ्ठीत नसला की दुसऱ्या रुग्णालयात दुसरी एमएलसी होते, आणि मग महिन्याभराने जखमेचा दाखला मागायला गेलेल्या माणसाला दोन्हीकडून पलीकडे पाठवतात. अंतराचं तर बोलायलाच नको. शीवचा ब्रिटिशकालीन रेल्वे उड्डाणपूल पाडण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून बंद केला, तेव्हा धारावीच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांना वळसा पडला. असा वळसा धरूनच रुग्णवाहिकेत ऑक्सिजन भरायला हवा.

हे सगळं वाचून उपनगरातलं रुग्णालय म्हणजे फक्त टपाल कचेरी असं वाटू नये. जे तिथेच व्हायला हवं आणि तिथेच उत्तम होतं, अशा गोष्टींची यादी मोठी आहे. कुत्रा चावल्यावर सायन गाठायची काहीच गरज नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं खूप लांब असतात, घड्याळ लावूनच धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. जवळच्या महापालिका रुग्णालयात लस मिळते : कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, दोन जागी ०.१ मिलिलिटर. कातडी फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हवं, आणि ते जखमेत आणि जखमेभोवतीच टोचायचं. लस टोचून झाली पण सीरमचा विषयच निघाला नाही, असं झालं तर स्वतः विचारा. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं. टाके शक्यतो घालत नाहीत, घालायचेच तर सीरम दिल्यावर आणि सैल. चुकतो तो डोस बहुधा २८व्या दिवसाचा. तोवर जखम भरलेली असते आणि लोक विसरलेले असतात.

पावसाळ्याचंही तसंच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांतल्या साथीने मुंबईकरांना लेप्टोस्पायरोसिस हा शब्द शिकवला, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणारा ताप. तेव्हापासून पाणी तुंबलं की महापालिका सांगते : साचलेल्या पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा. पायाला जखम नसेल तर डॉक्सिसायक्लीन २०० मिलिग्रॅम एकदाच, जखम असेल तर तीन दिवस रोज. गरोदर बाया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लीन चालत नाही, त्यांना ॲझिथ्रोमायसिन. मनाने गोळ्या घेऊ नयेत, दवाखान्यात त्या फुकटच मिळतात. डेंग्यूत मात्र उलटं, नको तिथे घाई होते. प्लेटलेट ४० हजारांवर आल्या की नातेवाईक रक्तपेढीच्या दारात. रक्तस्राव नसेल तर १० हजारांपर्यंत प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. त्या काळात डॉक्टर बघतो ते बीपी, लघवी आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त घट्ट होतंय का. घरच्यांनी आकड्यापेक्षा पोटदुखी, सतत उलट्या आणि सुस्ती यांवर नजर ठेवावी.

उपनगरातल्या एका रुग्णालयाने तर सगळ्या देशाला वाट दाखवली. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हा विभाग सुरू झाला, महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांच्या जोडकामातून. कॅज्युअल्टीत ‘जिन्यावरून पडले’ म्हणत बाई येते. डोळ्याखाली निळं, दंडावर बोटांचे वळ, जुन्या फ्रॅक्चरचा एक्स-रे. पूर्वी जखमेवर टाके पडायचे आणि बाई त्याच घरी परत जायची. दिलासामध्ये परिचारिका आणि डॉक्टरांना हे ओळखायला शिकवलं, आणि त्याच इमारतीत समुपदेशक बसवली. बाईला नवऱ्यासमोर विचारायचं नाही, ड्रेसिंगच्या निमित्ताने आत घ्यायचं आणि एकटीला विचारायचं. नोंद जखमेच्या आकारासकट करायची. पोलिसात जायचं की नाही हा निर्णय तिचा. पुढे कुर्ल्याच्या भाभातही हा विभाग आला आणि मग इतर राज्यांनी उचलला. यात नवीन यंत्र एकही नाही. कॅज्युअल्टी आणि समुपदेशकाची खोली यांच्यातल्या पन्नास पावलांचा कुणीतरी नीट विचार केला, एवढंच.

सायनमधल्या दोन गोष्टी याच जातीच्या आहेत, आणि त्यांच्यावर मला जास्त वेळ थांबायचं आहे. पहिली मातृदुग्धपेढी. २७ नोव्हेंबर १९८९ला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. आशियातली ती पहिली. अकाली जन्मलेल्या बाळांना डब्याचं दूध दिलं की आतड्याचा एक भयंकर विकार होण्याची शक्यता वाढते. आतड्याचा भाग अक्षरशः कुजतो. आईचं दूध त्यापासून वाचवतं, पण आई स्वतः आजारी असेल, दुसऱ्या रुग्णालयात असेल किंवा दूध अजून उतरलं नसेल तर? त्याच मजल्यावर अशा बाया असतात ज्यांना बाळाच्या गरजेपेक्षा जास्त दूध येतं. एकीकडचं दूध दुसरीकडे न्यायचं, पण वाटेत जंतू जाऊ द्यायचे नाहीत, असा हा प्रश्न.

दात्या बहुतेक रुग्णालयातल्याच ओल्या बाळंतिणी असतात. पैसे दिले-घेतले जात नाहीत. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिसचे अहवाल बघतात. तंबाखू, दारू आणि चालू औषधं विचारतात. हात धुऊन, हाताने किंवा पंपाने दूध काढलं जातं आणि झाकणाच्या निर्जंतुक भांड्यात जमा होतं. मग पाश्चरायझेशन : ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं. इथे एक बारकावा आहे. पाणी ६२.५ झालं म्हणून घड्याळ सुरू करायचं नाही. भांड्याच्या मधलं दूध ६२.५ला पोचलं की सुरू करायचं. म्हणून सगळ्या भांड्यांत दूध सारख्याच उंचीपर्यंत भरतात आणि एका भांड्यात तापमापक ठेवतात. एक भांडं जास्त भरलं तर त्याच्या मध्यावर तापमान पोचतच नाही आणि सगळी खेप संशयास्पद होते. लगेच थंड करायचं, नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, पाठवायचा आणि अहवाल स्वच्छ आल्याशिवाय एक थेंबही वॉर्डात जाऊ द्यायचा नाही. तोवर उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये. तापवल्याने दुधातल्या काही जिवंत पेशी आणि विकरं जातात, म्हणून स्वतःच्या आईचं ताजं दूध मिळत असेल तर पहिला मान त्याचाच.

दुसरी त्वचापेढी, २००० साली सुरू झालेली आणि देशातली पहिली. तिच्यामागे डॉ. माधुरी गोरे. चाळीस-पन्नास टक्के भाजलेल्या माणसाला स्वतःची कातडी पुरत नाही, आणि उघड्या जखमेतून पाणी आणि प्रथिनं झिरपत राहतात, जंतू शिरतात. दुसऱ्याची कातडी कायमची रुजत नाही, पण दोन-तीन आठवडे झाकण म्हणून टिकते, आणि तेवढ्यात माणूस सावरतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पेढीला फोन गेला तर टीम घरी येते. मांड्या, पाय आणि पाठ इथून अगदी पातळ थर काढतात, पाऊण तासात काम होतं, रक्त वाहत नाही, चेहरा आणि हात तसेच राहतात. पट्ट्या बांधून पार्थिव परत देतात. मग ती कातडी ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंशांवर, पाच वर्षांपर्यंत टिकते. अडचण एकच येते : घरात कुणी गेल्यावर सहा तासांत हे आठवत नाही. डोळ्यांबद्दल लोकांना माहीत झालंय, कातडीबद्दल अजून नाही. नेत्रदानासाठी फोन कराल तेव्हाच त्वचेचंही विचारा, दोन्ही होतं.

ओपीडीचं थोडक्यात. केसपेपर दहा रुपयांचा. त्यावर युनिटचं नाव आणि वार लिहिलेला असतो, तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मंगळवारच्या युनिटचा पेशंट गुरुवारी गेला तर बघतात, पण गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते आणि तपासण्या पुन्हा निघतात. ऑपरेशन मोठं असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र शोधा. त्याचं टेबल बहुधा नोंदणीच्या खिडकीजवळच असतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार यांवरचं नाव जुळत नाही, हीच मुख्य अडचण. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी वैद्यकीय समाजसेवकाकडे जावं; पुअर बॉक्स निधीची, म्हणजे गरीब पेशंटसाठीच्या मदतीची, फाइल तिथूनच हलते. एक घोळ इथे नेहमी होतो. ऑगस्ट २०२३ पासून सगळे उपचार मोफत झाले ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. महापालिकेची रुग्णालयं त्यात येत नाहीत, म्हणून खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नसतो.

ऑक्सिजनचा हिशोब कोविडने सगळ्यांना शिकवला. १७ एप्रिल २०२१ला महापालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ पेशंट रातोरात दुसरीकडे हलवावे लागले, कारण ऑक्सिजन संपत आला होता. असं का होतं ते आकड्यांत बघा. जंबो सिलिंडरमध्ये ७ घनमीटर, म्हणजे ७००० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर घेणाऱ्या एका पेशंटला तो साडेअकरा तास पुरतो. पण मिनिटाला ६० लिटरच्या मशीनवर तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. असे वीस पेशंट असले की सिलिंडर बदलणाऱ्या मामांना श्वास घ्यायला उसंत नाही. द्रवरूप ऑक्सिजनचा एक लिटर म्हणजे जवळजवळ ८६० लिटर वायू, त्यामुळे १३ हजार लिटरची टाकी म्हणजे सुमारे १६०० जंबो सिलिंडर. सिलिंडरवर अवलंबून असलेली लहान रुग्णालयं आधी संकटात येतात, ती यामुळे.

शेवटी डिस्चार्ज. सायनहून किंवा राजावाडीहून माणूस घरी येतो तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड असतं आणि डोक्यात सुटलो एवढीच भावना. कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणतं औषध कधी बंद करायचं, टाके कुठे काढायचे, आणि कुठला अहवाल यायचा बाकी आहे. तिसरी सगळ्यात जास्त हरवते. ऑपरेशनमध्ये गाठ काढली की ती हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला, जाते, आणि अनेकदा बरणी नातेवाइकाच्याच हातात देतात. बरणीत १० टक्के फॉर्मॅलिन हवं, गाठीच्या दहापट तरी. सलाइन भरलेलं असेल तर गाठ सडते आणि तपासणी वाया जाते. फॉर्मॅलिनला डोळे चुरचुरवणारा उग्र वास येतो; झाकण उघडून नाक खुपसू नका, पण वास अजिबात नसेल तर ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला परत विचारा. बरणीवर पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक आणि गाठ कुठून काढली ते झाकणावर नाही, बरणीच्या अंगावर लिहिलेलं हवं. झाकणं टेबलावर बदलतात. अहवाल आठ-दहा दिवसांनी येतो. तोवर जखम सुकलेली असते, कामावर रजा उरलेली नसते आणि तो आणायला कुणी जात नाही. गाठ साधी असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर तो कागद वर्षभर फाइलमध्ये पडून राहतो, आणि पेशंट पुन्हा येतो तेव्हा तिथूनच शोधून काढतात.